निबंधाची वही, आठवडा १४ : एसटी एकदाची पूर्ण झाली

मागच्या वेळी म्हटलं होतं ना एसटीवरचा निबंध अडकलाय, तो रविवारी झाला, तिसऱ्या खेपेला. आत्तापर्यंतच्या चौदात मला हाच सगळ्यात आवडलाय.

नवीन कोणी असेल तर, मी एसवायला आहे, दर रविवारी एक निबंध लिहिते, हाताने, फुलस्केपवर, मोबाईलवर दीड तासाचा टायमर लावून. दीडच का तर यूपीएससी मेन्सच्या निबंधाच्या पेपरला तीन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येकी १०००-१२०० शब्द आणि १२५ मार्क. परीक्षा द्यायची का ते अजून ठरलं नाहीये पण माप म्हणून बरं पडतं. सुरुवातीला ६४० शब्दांतच हात भरून यायचा, या रविवारी ९७० झाले.

तर एसटी. पहिल्या खेपेला सुरुवात केली '१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली', आणि पुढचं वाक्यच सुचेना, कारण त्या वाक्यात मी कुठंच नव्हते. दुसऱ्या खेपेला 'मी एसटी बोलतेय', दोन पानं भराभर झाली, मग वाचल्यावर लक्षात आलं की आठवीत पडक्या किल्ल्याच्या तोंडी जे घातलं होतं तेच एसटी बोलतेय, 'माझे ते वैभवाचे दिवस' सकट. आत्मवृत्ताचा तो साचा हातात इतका बसलाय ना की विषय कुठलाही द्या, त्यातच जाऊन पडतो.

मग चिठ्ठ्यांवर गेले. आठवडाभर विषयाचं जे दिसेल, ऐकू येईल ते चिठ्ठीवर लिहायचं, वाचलेलं नाही, मत तर अजिबात नाही. यातली एक चिठ्ठी जशीच्या तशी देते :

'आजीचं आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल कमरेला. कंडक्टर दोन सीट लांब असतानाच काढून हातात धरते. शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. घडी घालून परत त्याच रुमालात. कशाला ठेवतेस विचारलं तर म्हणाली, हे मला कुणाकडं मागावं लागलं नाही.'

ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, आजी ७५ ची व्हायच्या आधी माहेरी वर्षातून एकदा जायची, भाऊबीजेला, तेही कुणी पैसे हातावर ठेवले तर. आता मनात आलं की निघते. निबंध त्या रुमालापासून सुरू केला आणि गंमत म्हणजे ती १ जूनची तारीख तिसऱ्या पानावर आपोआप आली, आजीचा जन्म १९४९ चा, म्हणजे एसटी तिच्यापेक्षा वर्षाने मोठी! तीच तारीख, पण आता तिला तिथं काम आहे.

प्रस्तावना आता सगळ्यात शेवटी लिहिते, बऱ्याचदा लागतच नाही. लिहून झालं की गच्चीवर मोठ्याने वाचते, जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडते. शेवटी 'अशा प्रकारे एसटी ही खऱ्या अर्थाने लोकवाहिनी आहे' असं आलं होतं, ते काढलं, आजी स्टँडवर उतरते तिथंच थांबवला.

कच्चं राहिलंय ते संपाचं. २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने गाड्या बंद होत्या, तो परिच्छेद मी पेपरातल्या बातम्यांवरून लिहिला आणि ते कळतंय, चिठ्ठीच नाही त्याची. गावाकडं गेले की आमच्या मार्गावरच्या एखाद्या ड्रायव्हरकाकांशी बोलेन आणि मग तेवढाच भाग परत लिहीन.

पुढचा विषय हापसा. तीन चिठ्ठ्या झाल्यात, दोन आवाजाच्याच आहेत.