कॅल्शियमने दिलेली साक्ष

मे महिन्यातील त्या दुपारी रिपोर्टवर सही करताना माझा हात थांबला. चाळिशीतील एका बाईंचे सकाळचे कॉर्टिझोल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचे हार्मोन, अवघे 1.8 होते. त्या ग्रंथींना चालना देणारे, मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन एसीटीएच मात्र 31, म्हणजे आमच्या 7 ते 63 या मर्यादेत व्यवस्थित बसणारे. ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या असत्या, तर पिट्युटरीने हे हार्मोन भरभरून सोडले असते. ते वाढलेले नाही म्हटल्यावर दोष पिट्युटरीचाच, असा अर्थ निघतो. परंतु सोबतच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिले होते की हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्या आहेत, सोडियम घटून 124 आहे आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे. हे वर्णन ॲडिसनच्या आजाराचे, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होण्याचे, आणि त्यात तो काळेपणा येतो तो एसीटीएच वाढल्यानेच.

मशीनचे कंट्रोल, म्हणजे आधीच मूल्य माहीत असलेले नमुने, बरोबर होते. मग मी उरलेल्या नमुन्याची कुपी फ्रीझरमधून काढली. बाहेरगावच्या संकलन केंद्रातून आलेल्या त्या कुपीवर ‘ईडीटीए प्लाझ्मा’, म्हणजे ईडीटीए हे रसायन घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव, असे लिहिले होते, पण आतला द्रव गुलाबीसर होता. रक्तपेशी फुटल्याची ती खूण. शंका आली म्हणून त्यातले कॅल्शियम लावून पाहिले. ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे अशा प्लाझ्मात ते जवळपास दिसतच नाही. इथे ते 9.2 आले. म्हणजे कुपीत सिरम होते, गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव.

केंद्रातील मुलीने फोनवर काहीही न लपवता सांगितले की ईडीटीए नसलेल्या, लाल झाकणाच्या एकाच ट्यूबमधून दोन्ही तपासण्यांचा नमुना काढला होता आणि वीज गेल्यामुळे ती ट्यूब संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहिली होती. कॉर्टिझोल एवढ्या उकाड्यातही टिकते. एसीटीएच हे 39 अमिनो आम्लांचे नाजूक पेप्टाइड, रक्तातील विकरे त्याचे तुकडे पाडतात. ईडीटीएची जांभळी ट्यूब आणि बर्फ कशासाठी, हे तिला आमच्यापैकी कोणीच कधी समजावले नव्हते. हा दोष मी तिच्या माथी मारणार नाही.

डॉक्टरांना तत्काळ कळवले. त्यांनी पिट्युटरीच्या एमआरआयची चिठ्ठी लिहून ठेवली होती. बाई तोवर शहरात दाखल झाल्या होत्या आणि उपचार लांबवणे धोक्याचे होते, म्हणून सकाळची वाट न पाहता मी स्वतः बर्फाचा डबा घेऊन वॉर्डात गेलो. जांभळ्या झाकणाची प्लास्टिकची ट्यूब भरली, हलक्या हाताने उलटसुलट केली आणि बर्फात खुपसली. लगेच सिस्टरांनी त्याच शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन दिले. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये 4 अंशांवर वेगळा केलेला प्लाझ्मा त्याच संध्याकाळी मशीनवर लावला.

एसीटीएच 842 आले.