वरची पावली

सत्यनारायणाच्या पूजेची यादी गुरुजींनी व्हॉट्सॲपवर पाठवली. रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापात. मग विड्याची पानं, सुपाऱ्या, केळीचे खुंट, आणि सगळ्यात खाली, 'कलशात घालण्यास सव्वा रुपया'.

रवा-साखरेचं काही वाटलं नाही, वजनकाटा आहे घरात. सव्वा रुपयापाशी मात्र अडले. भर दुपारी, बाकीचं घर झोपलेलं असताना, मी देवघराचा खण, शिवणाचा डबा, जुन्या पर्सा असं सगळं उपडं केलं. रुपये पुष्कळ निघाले. पावली एकही नाही. कशी निघणार? पंचवीस पैशाचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातूनच बाद झालंय. म्हणजे सव्वा रुपया ही रक्कम पोथीत आहे, गुरुजींच्या तोंडात आहे, आणि नाण्यांत कुठेच नाही.

लेक पाणी प्यायला उठला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "जीपेवर जातात की एक रुपया पंचवीस पैसे. कलशाला क्यूआर कोड आहे का?"

याला काय उत्तर द्यायचं?

पण मग हातातलं काम तसंच राहिलं आणि मी सव्वाचाच विचार करत बसले. देवाला रुपया का चालत नाही? कथेत तर स्वच्छ सांगितलंय, नैवेद्य सपाद, म्हणजे सव्वापट, हवा. पुरा एक दिला की व्यवहार झाला. वर पाव ठेवला की आपण मोजून दिलं नाही, थोडं सैल हातानं दिलं, असं काहीतरी असावं. आहेराच्या पाकिटावर तो एक रुपया चिकटवलेला असतो, त्याचंही तेच. पाचशे देणं म्हणजे देणं, पाचशे एक म्हणजे प्रेम. आता लोक फोनवरूनसुद्धा ५०१ पाठवतात. नाणं गेलं, सवय राहिली.

मला स्वतःला पूर्ण आकड्यांचा लहानपणापासून संशय आहे. रिक्षावाला "शंभर होतील" म्हणाला की मी लगेच घासाघीस सुरू करते, कारण शंभर हा आकडा त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून काढलेला असतो. तेच तो "एकशे पंधरा" म्हणाला तर मी गुपचूप बसते. पंधरा रुपये जास्त गेले तरी त्याने काहीतरी हिशेब केलाय असं वाटतं. साडीच्या दुकानात "पावणेसहाशे" ऐकलं की तेवढ्यावरच माझा निम्मा विरोध मावळतो. घरात यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. होऊ दे.

ही खोड बहुधा आजोबांकडून आली. त्यांच्या शाळेत मुलांना नुसते पाढे पुरत नसत; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असं सगळं घोकावं लागे. आमच्या पिढीला त्याची गरज नव्हती. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे-पै हळूहळू गेले, अपूर्णांकांना दशांश चिन्ह मिळालं. पण आजोबांना हे मान्य नव्हतं. दिवेलागणीला आम्हा नातवंडांना ओळीत बसवायचे. परवचा, शुभंकरोती, मग तीसपर्यंतचे पाढे. आणि ज्याचे चुकले नाहीत त्याला बक्षीस म्हणून, हो, बक्षीस म्हणून, औटकी! साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा. एक पायरी अर्धी, एक पुरी. लंगडीची चाल असल्यामुळे ती मला फार आवडायची. धाकटा चुलतभाऊ मुद्दाम सोळाच्या पाढ्यात चुकायचा, म्हणजे तेवढ्यावरच सुटका व्हायची आणि अंगणात पळता यायचं. आजोबांना ते कळत असणार. ते पंख्याच्या दांड्याने जमिनीवर ताल धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

त्यांचं ज्ञानेश्वरीचं वाचन सकाळचं. आम्ही पोरं आसपास लोळत असायचो. त्यातला फारसा अर्थ कळायचा नाही, पण एके दिवशी सहाव्या अध्यायात कानावर पडलं:

तैशी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी ।
अधोमुख सर्पिणी । निदेली असे ॥

मी ताडकन उठून बसले. औट! हा तर आपला औट, पाढ्यातला. म्हणजे ती सर्पीण साडेतीन वेटोळी घालून झोपली होती, आणि ज्ञानोबांनी ती मोजली होती. "आजोबा, चार का नाही?" असं मी विचारलं. त्यांनी पोथीवरची नजर न काढता सांगितलं, "चार झाली असती तर ती उठली कशाला असती?" या उत्तराचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आताही पूर्ण लागलाय असं नाही, पण उत्तर चांगलं आहे.

या साडेतीनने मग माझा पिच्छा सोडला नाही. मराठी माणसाला तीन पुरत नाहीत आणि चार झेपत नाहीत, असाच प्रकार दिसतो. देह साडेतीन हातांचा. ॐकाराच्या मात्रा साडेतीन. मुहूर्त साडेतीन: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, आणि दिवाळीचा पाडवा तेवढा अर्धा. शक्तिपीठं साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर, आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. यात गंमत अशी की अर्ध्याला कोणी अर्धं मानत नाही. पाडव्याला सोनाराच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. अर्धाच मुहूर्त आहे म्हणून कोणी अर्धंच मंगळसूत्र घेतलेलं ऐकलं नाही. वणीच्या गडावर चैत्रात लोटणारी गर्दी बघितली तर अर्धपीठ म्हणायची जीभ होणार नाही. उलट मला वाटतं, तीन पुरे आहेत ते विसरायला होतात; तो अर्धा लक्षात राहतो, कारण तिथे प्रश्न शिल्लक असतो. हा अर्धाच का?

कहाण्यांचंही तसंच. श्रावणातली प्रत्येक कहाणी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' अशी संपते. कुठली साठ? आणि मधली पंचावन्न कोणी गाळली? आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी हातातल्या अक्षता टाक."

व्यासांकडे बघा. अठरा पर्वं, गीतेचे अठरा अध्याय, अठरा दिवसांचं युद्ध, अकरा अधिक सात अशा अठरा अक्षौहिणी. एवढ्या अठरांनी एखाद्याला वाटेल, झालं, हा माणूस ठरवून लिहितोय. पण अक्षौहिणी म्हणजे किती, हे सांगताना आदिपर्वात आकडे येतात ते असे: रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. काय बिशाद आहे अविश्वास दाखवायची! 'लाख रथ' म्हटलं असतं तर आपण हसलो असतो. वरचे ते आठशे सत्तर ऐकले की मात्र कोणीतरी कुरुक्षेत्राच्या वेशीवर वही घेऊन बसलं होतं असं वाटतं. खरं तर कोणी मोजलेलं नाही. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ ही एक पत्ती. तिची तिप्पट, पुन्हा तिप्पट, असं सात वेळा केलं की अनीकिनी, आणि तिची दसपट अक्षौहिणी. सगळा गुणाकार. आणि त्यातल्या कुठल्याही आकड्याचे अंक मिळवा, बेरीज अठराच येते. मी भाजीच्या चिठ्ठीमागे मिळवून बघितली आहे. रिक्षावाल्याचे एकशे पंधरा आणि व्यासांचे एकवीस हजार आठशे सत्तर यांच्यामागची युक्ती एकच, असं म्हणायचा मोह होतो, पण आजोबांनी कान धरला असता.

थापेलासुद्धा पाव जोडला की ती थाप राहत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लाखाची म्हटली असती तर कोणीही म्हणालं असतं, उघड बघू. पाऊणचं मात्र उलटं. तिथे काहीतरी कमी पडलेलं असतं, आणि त्यात चेष्टा शिरते. देवलांनी 'संगीत शारदा'त म्हाताऱ्या नवरदेवाचं वय सांगताना पंचाहत्तर म्हटलं नाही, 'अवघे पाऊणशे वयमान' म्हटलं. १८९९ सालचं नाटक. शंभरातून पंचवीस उणे, म्हणजे अजून पोरच की! एका पाऊणमध्ये म्हाताऱ्याची अशी काही हजेरी घेतलीय की जरठ-कुमारी विवाहावरची दहा भाषणं फिकी पडावीत.

साडेतीनांच्या यादीत एक राहिलंच. साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा विठ्ठल सुंदर, हे तीन पुरे. नाना फडणवीस अर्धा. का, तर अक्कल होती पण तलवार चालवता येत नव्हती. विठ्ठल सुंदर पूर्ण शहाणा होता आणि १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. अर्धा शहाणा १८०० सालापर्यंत जगला आणि पेशवाईचा गाडा ओढत राहिला. मला पूर्वी हा किस्सा नुसता मजेचा वाटायचा. हिशेबनीस माणूस, लढाईला घाबरत असेल, त्यावरून कोणीतरी टपल्या मारल्या असतील.

नाना पानिपतावर होता. जन्म फेब्रुवारी १७४२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ला एकोणीसही पुरे नव्हते. आई आणि बायको बरोबर होत्या. सैन्यासोबत तीर्थयात्रा होईल म्हणून निघालेलं कुटुंब. त्या संध्याकाळी तो वेश बदलून पळाला. बायको पुढे सापडली. आई सापडली नाही. हे कळल्यापासून तो 'अर्धा' मला हसत हसत उच्चारता येत नाही.

आणि पानिपत म्हटलं की आकडे येतातच. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत सावकारी भाषेतलं पत्र मिळालं: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. रुपये आणि खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, ही बाकीची माणसं. शाळेत हे वाक्य पाठ होतं, आणि त्यातली कल्पकता आम्हाला समजावून सांगितली गेली होती. दोन नेमके, सत्तावीस नेमके, आणि पुढे हात टेकले. ज्याने लिहिलं त्याचा धंदाच पै-पैचा हिशेब ठेवण्याचा, पण खुर्दा मोजणं त्याला जमलं नाही, किंवा त्याची गरज वाटली नाही.

तो खुर्दा दुसऱ्या कोणीतरी मोजला. पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली, असं गावोगावच्या बायका म्हणत आल्या. वही नाही, कारकून नाही, आणि आकडा मात्र आहे. लाखावर पाव ठेवलेला.

मी त्या भाजीच्या चिठ्ठीवर भागाकारही मांडला होता. एका बाईच्या दोन हातांत मिळून डझनभर बांगड्या धरल्या, तर सव्वा लाखाच्या साधारण दहा हजार बायका होतात. मग वाटलं, डझन कशाला, एक बांगडी म्हणजेच एक बाई असेल. मग कुठलाच भागाकार पुढे नेला नाही. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला अदमासे, हे हुडकायची माझी खोड रिक्षावाल्यापुरती ठीक आहे. या आकड्याला ती लावायचा मला काही अधिकार नाही.