सही झाली, घर अजून नाही

आज बर्लिनमधल्या फ्लॅटच्या करारावर सही झाली. झाली एकदाची!

इथला नोटरी म्हणजे शिक्का मारून मोकळा होणारा माणूस नव्हे. अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवायचा, असा कायदाच आहे. मसुदा 2 आठवडे आधी हातात होता, तरी आज पहिल्या ओळीपासून पारायण. माझं जर्मन भाजी आणि दवाखान्यापुरतं, म्हणून शेजारी दुभाषी बाई. नोटरी एक परिच्छेद भराभर वाचणार, मग बाई मला इंग्रजीत सांगणार. तासाभराने डोळे मिटायला लागले आणि नेमकं तेव्हाच तळघरातल्या खोलीचा नंबर दोन ठिकाणी वेगळा निघाला! नोटरीने शांतपणे खोडून दुरुस्त केला, वाचन पुढे चालू.

परदेशी माणसाला घर घ्यायला इथे आडकाठी नाही. कर्ज देताना बँक मात्र राहण्याच्या परवान्याची मुदत बघते. खरा चिमटा वरच्या खर्चाचा: खरेदी कर 6 टक्के, नोटरी आणि नोंदणीचे साधारण 2 टक्के, एजंट असेल तर त्याचे वेगळे. हे बहुतेक वेळा कर्जात बसत नाही, खिशातूनच जातं.

आता जमिनीच्या सरकारी नोंदवहीत माझ्या नावाची आगाऊ नोंद होईल, मग नोटरीचं पत्र येईल, तेव्हा पैसे भरायचे. चावी त्यानंतर.

येताना मुद्दाम त्या गल्लीतून आलो. तिसऱ्या मजल्यावर अजून जुन्या मालकांचे पिवळे पडदे आहेत.