बागाला गेलो, दिवाडीला रमलो

कॉलेजच्या ग्रुपबरोबर गोव्याला गेलं की पहिली रात्र बागाला काढायची हा नियम कोणी केला माहीत नाही, पण पन्नाशी जवळ आली तरी तो मोडायची हिंमत कोणाची होत नाही. यावेळीही तेच. प्रवास, हॉटेल, समुद्र सगळं ठीकठाक, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. रात्री अकराला एका क्लबच्या दारात रांग लावली, नुसत्या पुरुषांना आत सोडायचं की नाही यावर घासाघीस झाली, आमच्यातला एकजण तर चक्क "अहो, आमचे गुडघे बघा, आम्ही काय त्रास देणार" म्हणाला, आणि शेवटी भरपूर पैसे मोजून आत गेलो. आत गेल्यावर पहिला विचार काय आला? बसायला खुर्ची कुठाय.

नाचणाऱ्यांचं मला काही वावगं वाटत नाही हां. पोरं मस्त नाचत होती, नाचू देत. माझी तक्रार वेगळीय. मी मित्रांबरोबर जातो ते गप्पा मारायला, आणि तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. आमचा डान्सर (कॉलेजपासून हेच नाव, गॅदरिंग त्याच्याशिवाय व्हायचंच नाही) सारखा मला काहीतरी सांगायला येत होता. मी "काय?", तो परत काहीतरी, मी परत "काय?", शेवटी हातानेच 'जाऊ दे' करून तो बाहेर गेला. मागोमाग मीही सटकलो. बाहेर गल्लीत प्रत्येकाचा आपापला स्पीकर. तो म्हणाला, "उद्या कुठंतरी जाऊ यार, जिथं कोणी नसेल."

सकाळी बाकीची मंडळी घोरत होती, आम्ही स्कूटर घेऊन निघालो. ओल्ड गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली गेलं की मांडवीचा धक्का, तिथून दिवाडी बेटावर जायची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही! आदल्या रात्री दारात मोजलेले पैसे आठवून दोघंही हसलो. पलीकडे उतरलं की सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूला खाजणाची शेती, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, आणि मानस नावाच्या दरवाजातून भरती-ओहोटी बघून पाणी आतबाहेर करायचं. तिथून वर पिएदादच्या टेकडीवर चर्च. अंगणातून खाली मांडवी आणि पलीकडे ओल्ड गोव्याचे मनोरे दिसतात. आम्ही वेफर्सचं पाकीट फोडून तिथल्या कट्ट्यावर बसलो ते किती वेळ कोण जाणे.

"काल काय सांगत होतास रे?"

"हेच की उजव्या बाजूला ये. डाव्या कानाने कमी ऐकू येतं मला."

मी गप्प. मग तो सुटला. दोन्ही कान गेलेत थोडे थोडे, डावा जास्त. डॉक्टरने त्याला समजावलं होतं की कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, वयानेही जातात आणि मोठ्या आवाजानेही, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. बोलण्यातले स, श, फ त्यातलेच. म्हणून समोरचा बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि त्यात मागे दणदणाट असला की संपलंच. "क्लबमध्ये मी नुसते ओठ बघत होतो तुमचे. सगळे हसले की हसायचं." वर्षभर हा माणूस पार्ट्यांना येऊन असा हसत होता. मशीन घेतलेलं, पण ते बॅगेत, कारण आम्ही चिडवू. चिडवलंच असतं म्हणा.

तिथे त्याने ते घातलं. दोन मिनिटं काही बोलला नाही, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू खाताना केवढा आवाज करतोस रे!"

नंतर बेटाच्या दुसऱ्या टोकाची फेरी घेऊन नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेलो. हे देऊळ मूळचं दिवाडीवरचं, गोव्याच्या कदंब राजांचं दैवत, पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि नार्व्यातलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं. इतिहास सगळा मीच बोललो, डान्सरने मध्ये एकदाही "काय?" म्हटलं नाही. दुपारी जेवायला वेळेवर काही मिळालं नाही आणि उन्हाने डोकं धरलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर लोक वाचून जातात आणि मग शिव्या घालतात.

रात्री ग्रुप परत बागाला निघाला. डान्सर म्हणाला मी नाही येत. "काय रे, म्हातारा झालास?" त्याने कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "हो." मला वाटलं आता धुलाई होणार. पण एकाने विचारलं केवढ्याला पडलं, दुसरा म्हणाला घरी टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो म्हणून बायको ओरडते ती हेच म्हणत असणार, तिसऱ्याने मशीन उचलून स्वतःच्याच कानाला लावून बघितलं, आणि बागाची गाडी तासभर खालीच उभी राहिली. शेवटी दोघंच गेले आणि बाराच्या आत परत आले.

पुढच्या वेळी मुक्कामच दिवाडीला करायचा का यावर ग्रुपवर मतदान चालू आहे. डान्सर विरोधात आहे. म्हणतो, तिथे तुम्ही सगळे खाताना ऐकू येणार.