दहाचे नऊ झाले का?

सॉफ्टबॉलची स्कोअरर म्हणून बसायला लागून मला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बॉल, स्ट्राइक, आउट, सात इनिंग, इथपर्यंत सगळं जमत होतं. मग एका मॅचला लाइनअप कार्ड आलं त्यात नऊच्या ऐवजी दहा नावं, एकीपुढे डीपी (डेझिग्नेटेड प्लेयर, फ्लेक्सच्या वाटची बॅटिंग करणारी) लिहिलेलं आणि सगळ्यात खाली दहाव्या नंबरला पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, तिच्यापुढे फ्लेक्स (सुरुवातीला फक्त फिल्डिंग करणारी). मला वाटलं बेसबॉलच्या डीएचसारखंच (डेझिग्नेटेड हिटर) असणार, पिचरच्या जागी दुसरी कोणीतरी बॅटिंग करते, संपला विषय. तिथेच घोळ झाला.

चौथ्या इनिंगला कोच अंपायरला सांगून गेले की डीपी थर्ड बेसवर जाईल, थर्ड बेसवाली बसेल. मी लगेच थर्ड बेसवालीच्या नावावर काट मारली, तीसुद्धा पेनने, पेन्सिल शेजारीच पडलेली असताना. थोड्या वेळाने तीच मुलगी हेल्मेट घालून बॅटिंगला हजर! मी उठून ओरडले की अहो ही बाहेर गेलीये, हिला कसं घेताय. अंपायर शांतपणे आले, शीट बघितली नि म्हणाले, "ताई, ती गेलीच नाहीये, ती ओपीओ आहे." म्हणजे ऑफेन्सिव्ह प्लेयर ओन्ली, फिल्डिंग सोडली पण बॅटिंग चालूच. आख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं आणि मी त्या काट मारलेल्या नावाकडे.

घरी येऊन नियम तीनदा वाचला, डोक्यात काही शिरेना. शेवटी शर्टाची दहा बटणं घेतली, नऊ एका ओळीत, दहावं खाली, आणि सरकवत बसले. तेव्हा कुठे प्रकाश पडला. बॅटिंग ऑर्डरमध्ये जागा नऊच, फिल्डिंगलाही नऊच, माणसं मात्र दहा. डीपी फिल्डिंगला फ्लेक्स सोडून दुसऱ्या कुणाच्याही बदली गेली तर कुणीच बाहेर जात नाही, दहाचे दहाच. पण डीपी फ्लेक्सच्याच बदली फिल्डिंगला गेली तर फ्लेक्स बाहेर, दहाचे नऊ. उलटं पण तसंच, फ्लेक्स बॅटिंगला किंवा रनर म्हणून आली तर फक्त डीपीच्याच जागी येऊ शकते, आणि मग डीपी बाहेर. फिल्डिंगला दोघी एकत्र चालतात, बॅटिंगला कधीच नाही. आणि इथे 'बदली' म्हणजे माणसाच्या बदली, पोझिशनच्या नाही! फ्लेक्स पिचर होती ती फर्स्ट बेसवर सरकली आणि डीपी पिचिंगला आली, तर बसणारी फर्स्ट बेसवाली ओपीओ होते, फ्लेक्स खेळतच राहते. हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

तेव्हापासून बाहेरून नवीन कुणी न येता काहीही चेंज आला की मी आधी स्वतःला विचारते, दहाचे नऊ झाले का? नसतील तर नुसती पोझिशन बदलून लिहायची. झाले असतील तर कोण गेलं ते लिहायचं, कारण पुढे री-एंट्रीचा हिशोब लागतो. सुरुवातीच्या लाइनअपमधली कुठलीही खेळाडू, डीपी आणि फ्लेक्ससुद्धा, एकदा बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते, तेही बॅटिंग ऑर्डरमधल्या आपल्याच जागेवर. बदली म्हणून आलेली एकदा गेली की गेली.

पुढच्याच मॅचला हे कामी आलं. तिसऱ्या इनिंगला डीपी बेसवर पोचली, पण पायाने जरा स्लो, म्हणून कोचनी फ्लेक्सला तिच्या जागी रनर केलं. दहाचे नऊ. पुढच्या इनिंगला डीपी परत, फ्लेक्स पुन्हा दहाव्या नंबरला, नवाचे दहा. फ्लेक्स मधे कुठे गेलीच नव्हती म्हणून तिची री-एंट्री शाबूत, डीपीची मात्र संपली. मी पेन्सिलने गोल करून ठेवला. सहाव्या इनिंगला पुन्हा तेच, डीपी सेकंड बेसवर, आणि कोच अंपायरला म्हणाले, फ्लेक्सला धावायला पाठवतो, नंतर डीपी परत येईलच. अंपायरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सर, पाठवा खुशाल, पण डीपीची री-एंट्री वापरून झालीये, आता गेली तर परत नाही. कोच दोन मिनिटं विचार करत उभे राहिले आणि मग डीपीलाच धावू दिलं.

होम प्लेटवर आउट झाली ती. आणि कोच रागाने बघत होते माझ्याकडे, जसं काही नियम मीच केलाय.