आबांची लादी आणि ए-23ए

सकाळी साडेसातला गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आली की रसवंतीचा दिवस सुरू होतो. नाशिकचा मार्च म्हणजे अकरानंतर गिऱ्हाईक थांबत नाही, त्याआधी मात्र माशा मारायच्या. त्याच रिकाम्या वेळात गेल्या वर्षी, 2025 च्या मार्चमध्ये, मी आबांना मोबाइलवर ए-23ए नावाचा अंटार्क्टिकाचा हिमनग दाखवला.

"केवढा आहे?"

"सुटला तेव्हा सुमारे चार हजार चौरस किलोमीटर. आपल्या जिल्ह्याचा पाव भाग. जाडी काही ठिकाणी चारशे मीटर."

आबांनी आधी चवीचं विचारलं. खारट का? नाही. हा बर्फ समुद्राच्या पाण्याचा नसतोच. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं पडलेला हिम स्वतःच्या वजनाखाली दबून घट्ट होतो, हळूहळू वाहत किनाऱ्यापलीकडे तरंगायला लागतो आणि भेगा वाढत गेल्या की पुढची कड तुटते. "मग रसाला चालेल," आबा म्हणाले.

हा 1986 साली फिल्खनर हिमफळीपासून, म्हणजे अशाच एका तरंगत्या कडेपासून, सुटला आणि थोड्याच अंतरावर अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तिसाहून जास्त वर्षं बसून राहिला. 2020 च्या आसपास हलला. 2024 मध्ये साउथ ऑर्कनी बेटांजवळ, पाण्याखालच्या डोंगरामुळे तयार झालेल्या भोवऱ्यात कित्येक महिने जागच्या जागी गरगरत होता. तिथून सुटला तो थेट साउथ जॉर्जिया बेटाजवळ पुन्हा रुतला. मे अखेरीस तिथूनही निघाला.

असा हिमनग फुटतो कसा, ते आबांना समजवावं लागलं नाही. लादी पाण्यात उभी राहिली की पाण्याच्या रेषेवर कंबर बारीक होते, म्हणून ते घमेलं सारखं रिकामं करतात. तिकडेही लाटा पाण्याच्या रेषेवर खाच पाडतात. वरची कड कोसळते, पाण्याखालचा पाय पुढे आलेला राहतो. पाणी तो पाय वर ढकलतं, कड वाकते आणि आतल्या बाजूला तडा जातो. शिवाय उत्तरेचं कोमट पाणी खालून खातंच.

ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचे मोठमोठे तुकडे सुटायला लागले. पावसाळा, रसवंती बंद, आबा ओट्यावर बसलेले. म्हटलं, "आबा, तुमची लादी फुटली."

"टोच्या न लावता?"