आठ डॉलरच्या पेन्शनची फाइल

माझं सासर ओहायोचं. सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं की त्यांचे खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात वारले. त्यांना ऐंशी पूर्ण होत होती, म्हणून मीच शोधायला बसले.

आधी जनगणना चाळली. १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांचे नुसते आकडे. पुढे नावं आली, पण नातं लिहायला लागले ते १८८०मध्ये. त्यामुळे १८६०च्या पानावर खापरपणजोबांच्या घरात राहणारी वीस वर्षांची मुलगी कोण, ते कळेना. आडनाव जर्मन, कानाला आलं तसं लिहिलेलं, दर दहा वर्षांनी स्पेलिंग वेगळं. याच्यातच महिने गेले.

मग शिपायांच्या विधवांना मिळणाऱ्या पेन्शनच्या इंडेक्समध्ये खापरपणजीचं नाव सापडलं. पुष्कळजण त्या कार्डावरच थांबतात. तसं करू नका, पूर्ण फाइल मागवा. मी नॅशनल आर्काइव्ह्जकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्याकडून, प्रत मागवली.

साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळत, १८६६पासून सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आणखी २. पण लग्न झालं होतं, मुलं त्याचीच आहेत, हे तिनं सिद्ध करायचं. तेव्हा ओहायोत सरकारी जन्मनोंदणी सुरूही झाली नव्हती. म्हणून सुईणीनं शपथेवर सांगितलंय की बाळंतपणाला मी हजर होते. खापरपणजीच्या अर्जाखाली सही नाही, फुली आहे. आणि घरच्या बायबलमधून फाडून जोडलेलं एक पान.

त्या पानावर पाच जन्म, सगळे एकाच वळणदार अक्षरात. त्याखाली दोन मृत्यू, १८६३चे, एकाच आठवड्यातले. ते अक्षर वेगळं, जड हाताचं. बाप तेव्हा लढाईवर होता आणि आईला लिहिता येत नव्हतं.

पुढच्या कागदावर एक साक्ष होती, 'मी अर्जदाराची धाकटी बहीण, त्याच घरात राहत होते.' खाली सही, तशीच जड हाताची. १८६०मधली ती मुलगी!

सासूबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून पाहिले, कितीतरी वेळ. या दोन लेकरांबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. १९००च्या जनगणनेत बायकांना किती मुलं झाली, किती हयात, असं विचारत. खापरपणजीपुढे पाच आणि तीन लिहिलंय.

ती धाकटी बहीण १८७०नंतर कुठेच दिसत नाही. बहुधा लग्न होऊन आडनाव बदललं असावं. आता त्या भागातल्या कोर्टाची विवाहनोंदणी बघतेय.